अमेरिकेत गेल्यावर नाव लहान करायचंय? आधी गावाकडचे कागद बघा

लातुरात माझं कागदपत्रांचं आणि भाषांतराचं काम आहे. लग्न होऊन अमेरिकेला निघालेल्या मुलींचे जन्मदाखले, विवाह प्रमाणपत्रं यांचं इंग्रजी मी करून देते, त्यामुळे तिकडे गेल्यावर अडचण आली की फोनही माझ्याकडेच येतो. आधी थंडीचं बोलणं होतं, मग डब्याचं, आणि मग मुद्दा निघतो: “मावशी, इथं माझं नाव कुणालाच घेता येईना. हे म्हणायलेत, सरळ पासपोर्टवरच लहान करून टाक. टाकू का?”

माझं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं. बोलायला नाव आजपासून लहान कर, कागदावर मात्र थांब. का थांबायचं, कुठवर थांबायचं आणि वेळ आली की कोणता कागद आधी हलवायचा, हे इथे एका जागी मांडते. माझ्याकडे येणाऱ्यांत अमेरिकेला जाणाऱ्याच जास्त असतात, म्हणून तिथले नियम सविस्तर दिले आहेत.

आधी ठरवा, हे कुणाला हवंय

आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीनं सुनेचं नवं नाव लिहायची रीत अजून बऱ्याच घरांत आहे. म्हणजे काही मुली परदेशात पाऊल ठेवण्याआधीच एक नाव माहेरी ठेवून आलेल्या असतात. मधलं नाव वडिलांचं होतं ते नवऱ्याचं झालेलं असतं, आडनावही बदललेलं असतं. राहता राहिलं पहिलं नाव, तेही मॅनेजरची जीभ वळत नाही म्हणून सोडायचं, हे मला पटत नाही. नाव लहान करणं गैर नाही. तुम्हाला ते मनापासून आवडत असेल, लहानपणापासून घरात तेच म्हणत असतील, तर जरूर करा. पण ‘हे म्हणतात’, ‘सासूबाईंना बरं वाटेल’, ‘नोकरी लवकर लागेल’ एवढ्याच कारणांवर कायदेशीर बदल करू नका. कागदावरचं नाव परत आणायला दुप्पट खर्च आणि दुप्पट वेळ जातो.

नाव निवडताना दोन गोष्टी तपासा. पहिली, ते तिकडच्या कानाला कसं लागतं. पूनमचं लाडाचं ‘पू’ तिथे लहान लेकराच्या शीला म्हणतात, हर्षदाचं ‘हर्ष’ इंग्रजीत कठोर या अर्थानं वाचलं जातं. योगेश्वरीचं कुणी ‘योगा’ केलं तर रोज नवा माणूस व्यायामाचं विचारणार. दुसरी, लहान नावात मूळ नावाचा काही अंश राहिला तर पुढे कागद जुळवणं सोपं जातं. योगेश्वरीची ईश्वरी किंवा ईशा झाली, ज्ञानेश्वरीची ज्ञाना झाली, तर दोन्ही नावं एकाच बाईची आहेत हे बघणाऱ्याला पटकन कळतं. योगेश्वरीची एकदम ‘जेनी’ झाली तर प्रत्येक खिडकीवर खुलासा करावा लागतो.

ज्याला कागद लागत नाही ते आजच करा

अमेरिकेत ऑफिसचा ईमेल, गळ्यातलं ओळखपत्र, लिंक्डइन, मुलाच्या शाळेतली ओळख, डॉक्टरच्या फॉर्मवरचा ‘कोणत्या नावानं हाक मारू’ हा रकाना, या सगळ्या ठिकाणी लहान नाव खुशाल द्या. बहुतेक कंपन्यांच्या प्रणालीत कायदेशीर नाव आणि पसंतीचं नाव असे दोन वेगळे रकाने असतात. कोर्टकचेरी नाही, परवानगी नाही.

मात्र काही जागी पासपोर्टवर आहे तेच नाव, त्याच स्पेलिंगनं गेलं पाहिजे: विमानाचं तिकीट, बँक खातं, नोकरी लागताना भरायचे आय-९ आणि डब्ल्यू-४, सोशल सिक्युरिटी, ड्रायव्हिंग लायसन्स, भाड्याचा करार, विमा, आणि इमिग्रेशनचा प्रत्येक फॉर्म. तिकीट नवऱ्यानं घाईत ‘ईशा’ नावानं काढलं आणि पासपोर्ट योगेश्वरीचा असला, तर काउंटरवरच अडकायला होतं.

इमिग्रेशनच्या फॉर्मवर ‘याआधी वापरलेली इतर नावं’ असा रकाना असतो. तो रिकामा सोडू नका. माहेरचं पूर्ण नाव, सासरी तांदळात लिहिलेलं नाव कुठे कागदावर आलं असेल तर ते, आणि ऑफिसात वापरता ते लहान नाव, तिन्ही लिहा. नागरिकत्वाच्या अर्जात टोपणनावंसुद्धा विचारलेली असतात. लपवण्यासारखं त्यात काही नाही, पण नंतर सापडलं तर ‘आधी का सांगितलं नाही’ असा प्रश्न येतो आणि उत्तर देत बसावं लागतं.

निघण्याआधी, घरीच बसून करायचं काम

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि याच्याकडेच दुर्लक्ष होतं. लग्नाची गडबड असते, साड्यांची यादी असते, कागदांची कुणी करत नाही.

एका वहीच्या पानावर तुमच्या नावाचा प्रत्येक कागद एकाखाली एक लिहा: जन्मदाखला, टीसी, दहावीची सनद, पदवी, आधार, पॅन, बँकेचं पासबुक, विवाह नोंदणी प्रमाणपत्र, पासपोर्ट, आणि वडिलांच्या जमिनीत नाव लागलं असेल तर सातबारा. प्रत्येकापुढे नाव जसंच्या तसं उतरवा, मराठीत असेल तर मराठीत, इंग्रजी असेल तर अक्षर न् अक्षर. बहुतेकींच्या पानावर दोन-तीन तऱ्हा निघतात. एकीकडे ‘योगेश्वरी’, दुसरीकडे ‘योगेश्वरीबाई’, टीसीवर ‘योगीता’, कारण पहिलीत नाव घालायला आजोबा गेले होते आणि गुरुजींना जे ऐकू आलं ते त्यांनी लिहिलं. इंग्रजीत तर ‘एसएच’ आहे की नुसता ‘एस’, शेवटी ‘आय’ आहे की ‘ई’, यातच निम्मे घोटाळे असतात.

या तऱ्हा भारतात असतानाच मिटवायच्या. जन्मनोंदीतली चूक जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ च्या कलम १५ खाली निबंधकाकडून दुरुस्त होते. नोंद ज्या ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत असेल तिथे अर्ज करायचा. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, हे डोक्यात ठेवून नेमकं स्पेलिंग पक्कं झाल्यावरच तिथला बदल करा, म्हणजे एक संधी चुकीच्या स्पेलिंगवर वाया जाणार नाही. दहावीच्या सनदेवरचं नाव शाळा सोडल्यानंतर सहसा बदलून मिळत नाही. तिथे दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडून काम चालवतात. अशा प्रतिज्ञापत्राला पूर्वी १०० रुपयांचा बॉन्ड चालायचा. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात किमान मुद्रांक ५०० रुपये झाला आहे. काही सरकारी कामांच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक माफ असतो, म्हणून बॉन्ड विकत घेण्याआधी ज्या कार्यालयात द्यायचं तिथे विचारा.

विवाह नोंदणी करताना वधूचं लग्नाआधीचं नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. ग्रामपंचायतीत ग्रामसेवक नोंदणी करून देतात आणि घरच्या माणसांनी सांगितलेलं नाव लिहितात. सासरच्यांनी कौतुकानं नवं नाव सांगितलं, तर प्रमाणपत्रावर अशी बाई येते जिचा पासपोर्टच नाही. तुम्हाला अमेरिकेत न्यायला नवऱ्यानं भरलेल्या अर्जाला तोच पुरावा जोडायचा असतो, म्हणून त्या दिवशी तिथे स्वतः उभं राहून अक्षरं बघून घ्या.

जन्मस्थळाचंही विचारतात. जुन्या कागदांवर औरंगाबाद आणि उस्मानाबाद आहे, २०२३ नंतरच्या कागदांवर छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव. घाबरू नका, पासपोर्टवर जे छापलंय तेच फॉर्मवर लिहा.

आता पासपोर्ट. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव अशी तीन पदं असतात. पासपोर्टवर मात्र दोनच ओळी असतात, एक आडनावाची आणि एक दिलेल्या नावाची. योगेश्वरी बालाजी शिंदे हिच्या पासपोर्टवर आडनाव शिंदे आणि दिलेलं नाव ‘योगेश्वरी बालाजी’ असं येतं, ते चालतं. पण आडनावाची ओळ रिकामी ठेवून सगळं नाव एकाच ओळीत टाकलेले पासपोर्ट अजून माझ्या टेबलावर येतात. अमेरिकेच्या व्हिसावर मग ते सगळं नाव आडनावाच्या जागी जातं आणि पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ छापलं जातं, म्हणजे ‘फर्स्ट नेम अननोन’. ती तीन अक्षरं पुढे लायसन्सपर्यंत मागे लागतात. संयुक्त अरब अमिरातीनं तर नोव्हेंबर २०२२ पासून एकाच नावाच्या पासपोर्टवर पर्यटनाला येणाऱ्यांना प्रवेश देणं बंद केलं आहे. व्हिसाचा अर्ज करण्याआधी आडनाव वेगळं करून पासपोर्ट पुन्हा काढा. ३६ पानांच्या पासपोर्टला साधं शुल्क १५०० रुपये आहे, तत्काळला त्यावर आणखी २००० लागतात. पुढच्या त्रासापुढे हा खर्च काहीच नाही.

भाषांतराबद्दल माझ्या कामापुरतं सांगते. गावाकडचे जुने दाखले नुसते मराठीत असतात, त्यावर इंग्रजी स्पेलिंगच नसतं. भाषांतर करणारा स्वतःच्या मनानं ‘ज्ञ’ कधी ‘डी-एन-वाय’ लिहितो, कधी ‘जी-वाय’. भाषांतराला देताना पासपोर्टची झेरॉक्स सोबत द्या आणि नाव तसंच उतरवायला सांगा. अमेरिकेच्या इमिग्रेशनला भाषांतरासोबत भाषांतरकाराचं सही केलेलं निवेदन लागतं: भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे, आणि मला दोन्ही भाषा येतात.

ज्या मुलीनं नाव बदलायचंच असं निघण्याआधीच पक्कं ठरवलंय, तिला सगळ्यात सोपी वाट इथेच आहे. महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग दोनमध्ये नावबदलाची जाहिरात देता येते, अर्ज ऑनलाइन होतो. राजपत्र हातात आलं की त्यावरून आधार, पॅन आणि पासपोर्ट या क्रमानं बदलायचं, आणि व्हिसाचा अर्ज थेट नव्या नावानं करायचा. सनदा जुन्या नावाच्याच राहतात, त्यांना राजपत्राची प्रत जोडायची. मात्र नवऱ्यानं तुमच्यासाठी अर्ज भरला असेल किंवा व्हिसाची मुलाखत तोंडावर असेल, तर या वाटेला जाऊ नका. अर्जावर एक नाव आणि पासपोर्टवर दुसरं झालं की सगळं लांबतं.

तिथे गेल्यावर: तुमचा दर्जा काय त्यावर सगळं

नवऱ्याच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर तुम्ही एच-४, म्हणजे बायकोचा व्हिसा, घेऊन गेला असाल, तर कायदेशीर नावाला हात लावू नका. तुमचा व्हिसा, आय-९४ ही अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद, मंजुरीची नोटीस, कामाची परवानगी असेल तर ती, सगळं भारतीय पासपोर्टच्या नावावर उभं आहे. एक बदललं की सगळंच बदलावं लागतं, आणि मध्येच गावाकडे कुणी आजारी पडलं तर अर्धवट बदललेल्या कागदांवर विमान पकडायची वेळ येते.

नवरा अमेरिकन नागरिक असेल तर चित्र वेगळं आहे. त्यानं आय-१३० हा बायकोसाठीचा अर्ज भरून तुम्हाला ग्रीन कार्ड, म्हणजे तिथे कायम राहायचा परवाना, मिळतं. ते मिळताना लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर कार्ड दोन वर्षांचं, अटीचं असतं, आणि मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१ भरून अट काढून घ्यावी लागते. या काळातही नाव जसं आहे तसं राहू द्या. अमेरिकन नवऱ्यासोबत राहत असाल तर ग्रीन कार्डानंतर तीन वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, एरवी पाच वर्षांनी. नाव बदलायची सगळ्यात स्वस्त आणि स्वच्छ संधी तीच आहे.

नोकरीच्या रांगेतून ग्रीन कार्डाची वाट बघणाऱ्या भारतीय कुटुंबांना ती संधी फार लांब वाटते, आणि ते खरंही आहे. त्यांना थांबणं अगदीच शक्य नसेल तर कोर्टाची वाट उरते.

कोर्टाची वाट

लग्नाच्या प्रमाणपत्रावर आडनाव बदलून मिळतं, पहिलं नाव सहसा नाही. कॅलिफोर्नियात २००९ पासून लग्नाच्या वेळी मधलं नाव आणि आडनाव ठरवता येतं, पण पहिल्या नावासाठी कोर्टातच जावं लागतं. तुम्ही राहता त्या काउंटीच्या न्यायालयात अर्ज करायचा. कॅलिफोर्नियात तो एनसी-१०० क्रमांकाच्या फॉर्मनं सुरू होतो, शुल्क ४३५ ते ४५० डॉलर असतं, उत्पन्न कमी असेल तर माफी मागता येते. मग स्थानिक वर्तमानपत्रात आठवड्यातून एकदा अशी चार आठवडे जाहिरात, नंतर सुनावणीची तारीख. कर्ज बुडवायला किंवा गुन्हा लपवायला नाव बदलत नाही ना, एवढं न्यायाधीश पाहतात. इतर राज्यांत फॉर्म, शुल्क आणि जाहिरातीचा नियम वेगळा असतो, पण रचना साधारण हीच.

नवऱ्याच्या मारहाणीतून बाहेर पडलेली मुलगी नाव बदलत असेल तर जाहिरात तिच्या जिवावर बेतू शकते. कॅलिफोर्नियात ‘सेफ ॲट होम’ योजनेत नाव घातलं की नावबदल गोपनीय ठेवता येतो, इतर अनेक राज्यांतही अशी सोय आहे. माहेरच्या माणसांनीही हे लक्षात ठेवावं आणि पोरीला एकटीला धडपडू देऊ नये.

आदेश मिळाला की न्यायालयाच्या शिक्क्याच्या चार-पाच प्रमाणित प्रती तेव्हाच घ्या. एक भारतासाठी राखून ठेवा आणि तिच्यावर त्या राज्याच्या सचिवांच्या कार्यालयातून अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद खरा मानला जावा म्हणून मिळणारा शिक्का, करून घ्या. भारत २००५ मध्ये अपोस्टिल करारात आला, त्यामुळे तो शिक्का आपल्याकडे चालतो.

पुढचा क्रम मोडू नका. आधी सोशल सिक्युरिटी कार्यालय: एसएस-५ फॉर्म, शुल्क नाही, क्रमांक तोच राहतो. मग ड्रायव्हिंग लायसन्स. मे २०२५ पासून देशांतर्गत विमानासाठी साधं लायसन्स पुरत नाही, रिअल आयडी प्रकारचं लायसन्स किंवा पासपोर्टसारखं दुसरं मान्य ओळखपत्र लागतं, आणि रिअल आयडी काढताना पासपोर्टवरच्या नावापासून आताच्या नावापर्यंतचे सगळे दुवे कागदानं दाखवावे लागतात. मग भारतीय वाणिज्य दूतावासामार्फत नव्या नावानं पासपोर्ट. ग्रीन कार्ड असेल तर आय-९० भरून नवं कार्ड. बँक, विमा, ऑफिस त्यानंतर. पासपोर्ट आणि कार्ड यांत काही काळ वेगळी नावं राहिली तर प्रवासात आदेशाची प्रत हातातल्या पर्समध्ये ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको.

नागरिकत्वाच्या अर्जातच नाव बदलणं

ज्यांना थांबता येतं त्यांनी यासाठीच थांबावं. नागरिकत्वाचा फॉर्म एन-४००. एप्रिल २०२४ पासून त्याचं शुल्क ऑनलाइन ७१० डॉलर आणि कागदी अर्जाला ७६० आहे. त्याच फॉर्ममध्ये ‘तुम्हाला कायदेशीर नाव बदलायचं आहे का’ असा प्रश्न असतो. ‘हो’ म्हणून नवं नाव पूर्ण लिहायचं, त्यासाठी वेगळं शुल्क नाही. मुलाखतीत अधिकारी नावबदलाच्या विनंतीवर सही घेतात. त्या वेळी एकेक अक्षर बोट ठेवून वाचा.

इथे एक बारकावा आहे. नाव बदलायचा अधिकार इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यांना नाही, न्यायाधीशाला आहे. म्हणून शपथविधी न्यायालयात झाला तरच नाव बदलतं. काही ठिकाणी न्यायालयातला शपथविधी कमी वेळा होतो, त्यामुळे नावबदल मागितलेल्यांना जास्त थांबावं लागतं. सोबतच्या मैत्रिणीची शपथ आधी झाली म्हणून तुमचं काही अडलंय असं समजू नका. आणि घाईत कार्यालयातल्या शपथविधीला होकार दिला तर नाव जुनंच राहील. मुलाखतीतच स्पष्ट विचारा की माझी शपथ न्यायालयात आहे ना.

याच अर्जात मधल्या नावाचाही निर्णय घेऊन टाका. नवऱ्याचं नाव मधलं म्हणून ठेवायचं, वडिलांचं परत आणायचं की काहीच ठेवायचं नाही, सगळं चालतं. मला स्वतःला वडिलांचं नाव परत आणलेल्या मुलींचं फार कौतुक वाटतं. मूळ पूर्ण नाव मधलं म्हणून ठेवायचीही एक छान सोय आहे: ‘ईशा योगेश्वरी पवार’. हाक मारायला ईशा, आणि कागदावर योगेश्वरी कायमची शाबूत. भारतातली कामं याने किती सोपी होतात ते पुढे कळेलच.

शपथेनंतर प्रमाणपत्र नव्या नावाचं मिळतं. त्यावर अमेरिकन पासपोर्ट, मग सोशल सिक्युरिटी, मग लायसन्स.

तुमचं मूल तिथे जन्मलं असेल तर त्याच्या जन्मदाखल्यावर आईचं तेव्हाचं नाव राहतं. ते बदलायच्या मागे लागू नका. मुलाचं ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला भारत देतो ते) काढताना मात्र आईच्या पासपोर्टवर दुसरं नाव दिसेल, म्हणून नावबदलाच्या कागदाची प्रत त्याच्या फाइलमध्येही लावून ठेवा.

दुसऱ्या देशात असाल तर

इंग्लंडमध्ये डीड पोलनं, म्हणजे नाव बदलल्याच्या सही केलेल्या लेखी कागदानं, नाव बदलणं सोपं आहे, पण तुमचा राहण्याचा दर्जा तुमच्या देशाच्या पासपोर्टवरच्या नावानं चालतो. नुसता डीड पोल करून भारतीय पासपोर्ट जुना ठेवला तर काम होत नाही. जर्मनीत नुसती इच्छा पुरत नाही, नाव बदलायला सबळ कारण लागतं. ज्यांना जर्मन नागरिकत्व मिळतं त्यांना नावाचं जर्मन रूप घेण्याची वेगळी तरतूद आहे, त्यासाठी तिथल्या नोंदणी कार्यालयात विचारा. कॅनडात हे काम प्रांताकडे आणि ऑस्ट्रेलियात राज्याकडे असतं, आणि अर्जाआधी तिथे सहसा ठरावीक काळ राहिलेलं असावं लागतं.

आता गावाकडचं

अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं, आपल्या राज्यघटनेत दुहेरी नागरिकत्व नाही. भारतीय पासपोर्ट जमा करून नागरिकत्व सोडल्याचं प्रमाणपत्र घ्यायचं आणि ओसीआयचा अर्ज करायचा. सोडलेला पासपोर्ट योगेश्वरीचा आणि ओसीआय ईशाचं, यांना जोडणारा दुवा म्हणजे नव्या नावाचं नागरिकत्व प्रमाणपत्र किंवा कोर्टाचा आदेश. जुन्या भारतीय पासपोर्टच्या सगळ्या पानांच्या प्रती जमा करण्याआधी काढून ठेवा.

भारतातलं बचत खातं अनिवासी झाल्यावर एनआरओ, म्हणजे अनिवासींचं खातं, करावं लागतं, त्या वेळीच बँकेला नव्या नावाचा पुरावा द्या. पॅन आणि बँकेतलं नाव एकसारखं असू द्या, नाहीतर पैसे बाहेर नेताना अडतं.

आणि जमीन. २००५ च्या दुरुस्तीनं हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेही स्पष्ट केलं की त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट नाही. ओसीआयधारकाला शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारशानं मिळू शकते. म्हणजे तुमचा हक्क शाबूत आहे. अडकतं ते नावावर. सातबाऱ्यावर ‘योगेश्वरी भ्र. अमोल पवार’ किंवा ‘योगेश्वरी पि. बालाजी शिंदे’ लागलेलं असतं. तलाठी, ज्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, विचारतात, “ईशा पवार कोण? आमच्याकडं तर योगेश्वरी हाय.” त्यांचा प्रश्न रास्त असतो. पुरावा नसला की फेरफार लांबतो, आणि लांबलेल्या फेरफारात बहिणीचा वाटा कसा हळूच गळून जातो हे मी पुष्कळ पाहिलंय. भाऊ वाईट असतो असं नाही. ‘ती आता तिकडची झाली’ असं सगळेच म्हणू लागतात.

म्हणून नाव बदललं की वडिलांना फोन करून सांगा. मृत्युपत्र करणार असतील तर त्यात तुमचं नाव ‘योगेश्वरी बालाजी शिंदे ऊर्फ योगेश्वरी अमोल पवार ऊर्फ ईशा पवार’ असं तिन्ही रूपांत लिहायला लावा. नावबदलाच्या कागदाची अपोस्टिल केलेली प्रत माहेरच्या फाइलमध्ये, सातबारा आणि आठ-अ सोबत ठेवायला द्या.

वारस नोंदीसाठी किंवा वाटणीसाठी स्वतः येता येत नसेल तर मुखत्यारपत्र पाठवावं लागतं. ते तिथल्या नोटरीसमोर सही करून अपोस्टिल करा किंवा भारतीय वाणिज्य दूतावासात करा. त्यातही तिन्ही नावं ‘ऊर्फ’ लावून घाला, गट नंबर आणि गाव-तालुका सातबाऱ्यावरून तपासून लिहा, आणि अधिकार जेवढ्या कामाला हवा तेवढाच द्या. विक्रीचा अधिकार सरसकट देऊन टाकू नका. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. पाकीट घरी पोचलं त्या दिवसाची तारीख त्यावरच लिहायला सांगा आणि कुरिअरची पावती फेकू देऊ नका.